बाकावरच्या मॅडम

आमच्या फर्मच्या वेबसाइटवर राज्यभरातल्या शाखांची यादी आहे. त्या यादीत धाराशिव आहे आणि उस्मानाबादही आहे. गावाचं नाव बदललं तेव्हा पुण्याच्या हेड ऑफिसमधल्या कुणीतरी नवं नाव घातलं आणि जुनं काढायचं राहून गेलं. त्यामुळे आमच्या गावात फर्मच्या दोन शाखा आहेत असा जगाचा समज आहे आणि त्या दोन्ही शाखांचा प्रमुख मी आहे. प्रत्यक्षात बी-बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी बसतो. बाहेरच्या खोलीत आमचे कारकून, झेरॉक्सचं मशीन आणि पक्षकारांसाठी एक लांब लाकडी बाक.

माझ्याकडं एक फिरती खुर्ची होती. सोलापूरहून टेम्पोत घालून मी स्वतः आणलेली. पाठीला पांढरा टॉवेल, कलेक्टरच्या खुर्चीला असतो तसा. टॉवेलानं घाम पुसायचा नसतो, तो नुसता टाकायचा असतो, हे मला वकिलीच्या पहिल्याच वर्षी उमगलं होतं. कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी मात्र त्यानंतर उमगल्या.

एक दिवस हेड ऑफिसची मेल आली. कामानिमित्त फिरतीवर असलेल्या फर्मच्या वकिलांना यापुढं कुठल्याही शाखेत बसून काम करता येईल, शाखाप्रमुखांनी सोय करावी. खाली असंही लिहिलं होतं की पुण्याच्या एक ज्येष्ठ मॅडम पवनचक्की कंपनीच्या जमिनींच्या कामासाठी काही आठवडे आपल्या जिल्ह्यात आहेत, त्या आपल्याकडं बसतील. एवढ्या मोठ्या मेलमधून मला एकच अर्थ लागला. कुणीतरी माझ्या खुर्चीत बसणार होतं.

मी तयारीला लागलो. टेबलासमोरच्या दोन्ही खुर्च्यांवर निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली रचल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर पाण्याचा जार ठेवला. शाखेत काम इतकं तुंबलंय की बसायला जागा नाही, असं दिसायला हवं होतं. त्यातल्या काही फायलींतले पक्षकार कधीच स्वर्गवासी झाले होते, पण चळत दिसायला छान दिसत होती.

मॅडम एसटीनं आल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, पायात पळायचे बूट, पाठीवर कॉलेजच्या पोरांसारखी सॅक. सॅकमधून त्यांनी सगळ्यात आधी काय काढलं असेल, तर भलीमोठी वायर असलेला एक्स्टेंशन बोर्ड. कुठल्याही शाखेत गेलं तरी प्लग एका भिंतीला आणि माणूस दुसऱ्या भिंतीला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग खोलीभर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "मी इथली नाही, पण बाक छान आहे." आणि बाकावर मांडी घालून लॅपटॉप उघडून बसल्या.

माझ्या खोलीत त्यांनी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. जी खुर्ची द्यायची नाही म्हणून मी आठवडाभर बेत आखले, ती या बाईंनी मागितलीच नाही. याचा मला इतका राग आला की दुपारी मीच बाहेर जाऊन आत बसायचा आग्रह करू लागलो. त्या म्हणाल्या, "प्रत्येक ऑफिसात मला कुणाची तरी खुर्ची देतात. मग तो खुर्चीवाला दिवसभर दारात घुटमळत राहतो. बाकाला मालक नसतो." मी दारातच घुटमळत उभा होतो. मी आत गेलो.

'मी इथली नाही, पण' हे त्यांचं पालुपद होतं. मी इथली नाही, पण तुमच्याकडं पंखा उलटा फिरतो का? मी इथली नाही, पण या अर्जावर तारीख चुकलीय. पुढं पुण्याच्या एका सहकाऱ्यानं मला सांगितलं की जिथं त्या जन्मल्या, जिथं त्यांचं घर आहे, त्या पुण्यातसुद्धा त्या असंच म्हणतात. फर्मनं त्यांना तिथं स्वतंत्र केबिन दिली होती. ती त्यांनी परत केली, कारण केबिनीत बसलं की लोक दार वाजवून येतात आणि दार वाजवेपर्यंत काय बोलायचं ते ठरवून येतात.

चहा त्या घेत नसत, नुसतं कोमट पाणी घेत. आमच्याकडं पाहुण्यानं चहा नाकारणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं आहे. आमचे कारकून दोन दिवस रुसले होते. त्यात मॅडमची वायर खोलीभर आडवी पसरलेली असायची आणि तिच्यात सगळ्यात जास्त वेळा कारकूनच अडखळायचे. तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्या गुडघ्याला स्वतःच्या हातानं मलम लावलं तेव्हा कुठं दिलजमाई झाली.

उच्च न्यायालयात त्यांची एक सुनावणी व्हिडिओवरून होती. त्यासाठी मागं कोरी भिंत हवी होती. आमच्या ऑफिसात कोरी भिंत नव्हती, कारण खालचा दुकानदार दरसाल मिळेल त्या बियाणे कंपनीची कॅलेंडरं वर आणून लावतो, आणि उरलेल्या जागेत माझी सन्मानपत्रं आहेत. मॅडमनी सॅकमधून पांढरी चादर काढली. तिचं एक टोक खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या बाजूला खिळा नव्हता, म्हणून ते टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. मॅडम वर वकिलाचा कोट-बँड आणि खाली पळायचे बूट अशा थाटात बोलत होत्या आणि मी हात वर करून, श्वास रोखून, कॅमेऱ्याबाहेर उभा होतो. मध्येच न्यायमूर्तींनी विचारलं की पडद्याच्या कोपऱ्यात ही बोटं कुणाची दिसताहेत. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या की ते माझे स्थानिक सहकारी आहेत, मला मदत करताहेत. उच्च न्यायालयात मी हजर झालो असा हा आजवरचा एकमेव प्रसंग.

बाकावर बसून बसून त्या बाकाच्याच झाल्या. पक्षकारांना वाटायचं, ही पण आपल्यासारखीच कुणी तारखेला आलेली बाई. "तुमचं काय हाय, वाटणी का पोटगी?" असं विचारून लोक त्यांच्याशेजारी टेकायचे आणि मला जे सांगायचे नाहीत ते त्यांना सांगून मोकळे व्हायचे. मॅडम कुणाला फसवत नसत, मी वकील आहे असं सांगत. पण बाकावर मांडी घालून बसलेल्या बाईनं मी वकील आहे म्हटलेलं कुणी मनावर घेत नसे. संध्याकाळी त्या मला सांगायच्या, अमक्याला जमीन नकोच आहे, त्याला फक्त भावकीत मान हवाय. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, मानाची कोर्ट फी किती लावू?

त्याच सुमारास आक्काचा दावा उभा होता. आक्का ही जवळच्याच गावातली, पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई. नवरा गेल्यावर माहेरच्या गावात येऊन राहिलेली. वडिलांनी जिवंतपणीच शेताच्या मागच्या अंगाचा एक तुकडा तिच्या नावे केला होता. त्या तुकड्याला जायचा रस्ता धाकट्या भावाच्या शेतातून होता. आमच्याकडं बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरची हक्कसोड भावाला लिहून द्यावी अशी रीत. हिनं दिली नाही. वडील गेल्यावर भावानं बोलणं टाकलं आणि रस्त्यावर काटेरी तार ओढली. आता सोयाबीन कापून गंज लावलेली, वर ताडपत्री, आणि मळणीयंत्र आत न्यायला वाट नाही. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी गरजून जात होता. गंज भिजली असती तर शेंगांना जागेवर कोंब फुटले असते आणि आक्काचं सगळं वर्ष तिथंच कुजलं असतं. तात्पुरता तरी रस्ता खुला करा, असा अर्ज मी दाव्यासोबत केला होता.

अर्ज कच्चा होता. सरकारी नकाशात रस्ता नव्हता आणि शेजारचा साक्षीदार रोज वेगळं बोलत होता. म्हणून मी माझं ठेवणीतलं कलम घातलं होतं. प्रतिवादीनं कुऱ्हाड उगारून वादीस जिवे मारण्याची धमकी दिली, असा एक मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर कायम तयार असतो. दाव्याला जरा धार येते. एकदा तो चुकून एका पतसंस्थेविरुद्धच्या दाव्यात गेला आणि चष्मेवाल्या मॅनेजरनं कर्जदारावर कुऱ्हाड उगारल्याचं कोर्टात वाचलं गेलं. पण आक्कानं मसुदा वाचून घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुऱ्हाड काढा, वकीलसाहेब. त्यानं कुऱ्हाड न्हाय उगारली. त्यानं बोलणं टाकलं, तेवढं लिवा."

मी तिला समजावलं की बोलणं टाकण्याबद्दल कायद्यात तरतूद नाही, कुऱ्हाडीबद्दल आहे. ती म्हणाली, "माझा भाऊ तसा न्हाय." कुऱ्हाड खोडावी लागली. संध्याकाळी हे सगळं मी मॅडमना वैतागून सांगितलं होतं.

अर्जावर सुनावणीची तारीख आली. सकाळी मी कोर्टात दुसऱ्या कामात होतो. परत आलो तर बाकावर मॅडम आणि त्यांच्याशेजारी आक्काचा भाऊ. मॅडम बोलत होत्या आणि तो मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. आक्का कागदांच्या झेरॉक्स काढायला चौकात गेली होती, कारण आमचं मशीन नेहमीप्रमाणे बंद होतं. मला पाहून तो उठला, रामराम केला आणि जिना उतरून गेला.

मी मॅडमना आत बोलावलं आणि विचारलं, त्याच्याशी काय बोलत होतात. त्या म्हणाल्या, आक्काच्या केसबद्दल. केस कच्ची आहे, नकाशा आपल्या विरुद्ध आहे, साक्षीदाराचा भरवसा नाही. मी म्हटलं, "मॅडम, तो प्रतिवादी आहे."

त्या म्हणाल्या, "पण तोच तर तिला मोटारसायकलवर घेऊन आला."

"मग? एसटी दुपारची आहे."

हे आमच्या जिल्ह्यात कुणालाही सांगावं लागत नाही. बहीण-भाऊ कोर्टात भांडतात, पण गाव एक, कोर्ट एक, तारीख एक, मग गाडी दोन कशाला काढायच्या? बोलणं बंद असतं, मागं बसणं बंद नसतं. आणि कोर्टातून पुकारा होईपर्यंत थंड पाण्यासाठी प्रतिवादी आमच्या बाकावर बसला तर त्याला ऊठ कोण म्हणणार? तो कोण, कुणाचा, हे इथं सगळ्यांना माहीत असतं. मॅडमना माहीत नव्हतं, कारण त्या खरोखरच इथल्या नव्हत्या. पुण्याच्या ऑफिसात समोरची पार्टी पायरी चढत नाही. आमच्या बाकावर बसलेला तो आमचा, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता.

मी आणखी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या त्याला म्हणाल्या होत्या, भावानं कुऱ्हाड उगारली असं लिहिलं असतं तर न्यायाधीशांनी घाई केली असती, पण ही बाई ऐकत नाही. वकिलांनी लिहिलेलं हिनं खोडायला लावलं, म्हणते माझा भाऊ तसा नाही. तुम्ही तिच्या जवळचे दिसता, तुम्ही तरी समजवा.

मी डोकं धरून माझ्या फिरत्या खुर्चीत बसलो. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं वकिली केलेल्या बाई, पक्षकाराचं गुपित त्यांनी समोरच्या पार्टीच्या कानात स्वतः ओतलं होतं. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण हा अर्ज हरला तर आता तो माझ्यामुळं हरणार नव्हता.

आक्का परत आली तेव्हा मॅडम बाहेर जाऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. काहीही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याकडून तुमचं नुकसान झालंय, माझ्याविरुद्ध तक्रार करायचा तुम्हाला अधिकार आहे, ती कुठं करायची हेही मी सांगते, असं म्हणाल्या. सगळं ऐकून आक्का म्हणाली,

"नकाशाचं सांगितलंत ते असू द्या, त्याला ठाव हाय. पण कुऱ्हाडीचं सांगायचं नव्हतं, बाई. त्याला कळावं म्हणून म्या खोडलं नव्हतं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं सरळ पुसलं.

दुपारी पुकारा झाला. समोरचे वकील आमच्या बारमधले एक वयस्कर गृहस्थ, बोलण्यापेक्षा पान जास्त. ते उठून म्हणाले की अशील सकाळपासून दिसत नाही, पुढची तारीख मिळावी. मी तारखेला कडाडून विरोध केला. सोयाबीनची गंज, आभाळातले ढग, विधवेचे अश्रू, सगळं आणलं. आक्का माझ्या मागं कोरड्या डोळ्यांनी उभी होती. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं आणि दिवाळीनंतरची तारीख दिली.

आता आक्काला परत न्यायला मोटारसायकल नव्हती. मॅडम म्हणाल्या, मी सोडते. आणि सोडते म्हणजे काय, तर काळीपिवळी जीपमध्ये तिच्याशेजारी कोंबून घेऊन बसल्या. या बाई आता तिथं जाऊन आणखी काय सांगतील या धास्तीनं मी माझ्या गाडीवरून जीपच्या मागं धूळ खात गेलो.

शेतात पोचलो तर भाऊ पक्कड घेऊन तार काढत होता. खांब तसेच होते, फक्त मधला पट्टा मोकळा केला होता, मळणीयंत्र जाईल एवढा. आम्ही आलेलं त्यानं पाहिलं आणि तार गुंडाळत राहिला. मग बहिणीकडं न बघताच म्हणाला,

"रास झाली की पुना लावणार हाय. सांगून ठेवतो."

"लाव की," आक्का म्हणाली.

किती वर्षांनी ती दोघं एकमेकांशी बोलली होती, मला माहीत नाही. मॅडम बांधावर उभ्या राहून आभाळाकडं बघत होत्या. माझं कोर्टातलं भाषण अजून माझ्या घशात होतं, तिथं त्याला कुणी विचारलं नाही.

मी मॅडमना म्हटलं, झालं ते बरं झालं, हेड ऑफिसला काही कळवायची गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही. रस्ता त्याच्या मनानं खुला झाला, चूक माझी आहे आणि ती माझीच राहील, असं म्हणून त्यांनी स्वतःविरुद्ध सविस्तर लिहून पाठवलं. हेड ऑफिसनं नवा नियम काढला. फिरतीवरच्या वकिलांनी पक्षकारांच्या प्रतीक्षा कक्षात बसू नये. आमचा बाक प्रतीक्षा कक्ष आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. मॅडमना आत यावं लागलं, आणि उरलेले दिवस माझ्या खुर्चीत त्या आणि बाकावर मी. एक नवा पक्षकार माझ्याशेजारी येऊन टेकला आणि हळूच म्हणाला, "हितला वकील चांगला हाय म्हंत्यात, पर लई बोलतो." मी म्हटलं, मीही तसंच ऐकलंय.

मॅडम गेल्या. नागपूर, कोल्हापूर, जिथं फर्मचा बोर्ड असेल तिथं त्यांची सॅक गेली. दरवर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत मात्र त्यांचा फोन यायचा. "तार काढली का?" एवढंच विचारायच्या. काढलेली असायची. दरसाल सुगीला भाऊ पक्कड घेऊन यायचा, तार काढायचा, रास झाली की परत लावायचा. दोन्ही वेळा बहीण तिथं उभी असायची. चार शब्द व्हायचे. दावा आपला कोर्टात चालूच होता.

यंदा निकाल लागला. मी पार जिंकलो. जुन्या वहिवाटीचे कागद शोधले, साक्षीदाराला एका बोलण्यावर आणलं, जन्मात केला नव्हता असा युक्तिवाद केला. रस्ता कायमचा खुला, प्रतिवादीनं पुन्हा कधी तार लावायची नाही. मी पेढे मागवले, आक्काला बोलावलं आणि तिच्यासमोरच मॅडमना फोन लावला. मॅडमनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, जरा आक्काला द्या.

"व्हय बाई, मिळाला," आक्का फोनवर म्हणाली. "न्हाय, त्यो आला न्हाय. गडी पाठवून समदी तार काढून नेली, खांबासकट. ... न्हाय, आता कशाला येतोय? तार काढायचं तेवढं निमित्त हुतं, तेबी गेलं."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तो कुठं ठेवावा मला कळेना. तिनं फोन माझ्याकडं दिला. मॅडम म्हणाल्या, "मी इथली नाही, पण अपिलाची मुदत अजून आहे ना? त्याला सांगा, अपील कर."

मी म्हटलं, मॅडम, आपण जिंकलोय. त्या म्हणाल्या की ते आक्काला विचारा, जिंकलेली ती आहे. मी आक्काकडं पाहिलं.

"सांगा की वकीलसाहेब," आक्का म्हणाली. "काय लागंल ते सांगा त्याला."

"आणि अपिलात हरलो तर?"

"हरलो तर हरलो. तार काढायला त्यो येतोच."

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या वकिलांकडं गेलो. त्यांनी पान बाजूला ठेवून माझं ऐकलं आणि यात माझा डाव काय म्हणून विचारलं. डाव नाही म्हटल्यावर ते म्हणाले की अशील तर जाऊ द्या म्हणतोय, त्याला मी तयार करीन, पण अपिलाला मुद्दे पाहिजेत आणि तुमचा निकाल लई पक्का आहे. मी खुर्ची ओढून बसलो, निकालाची प्रत त्यांच्या टेबलावर उलगडली आणि तो कुठं कुठं कच्चा आहे ते पहिल्या पानापासून सांगायला लागलो. त्यांनी पेन उघडलं.

"जरा दमानं सांगा," ते म्हणाले, "लिवून घेतो."